निष्ठावंतांनी जरा सरकून घ्यावे

२०२१ साली झालेल्या युरो फुटबॉल स्पर्धेचं नाव 'युरो २०२०' असंच राहिलं. करोनामुळे स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली, पण नावाला कोणी हात लावला नाही. त्याचं एक कारण असं सांगितलं गेलं की, २०२० हा आकडा घालून बराच माल आधीच तयार झाला होता आणि तो फेकून देणं पर्यावरणाच्या दृष्टीने बरं नव्हतं. युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, ही काटकसर पाहून आमचं मन भरून आलं. तयार होऊन पडलेली आणखी एक वस्तू त्यांच्याकडे होती, ती म्हणजे पैसे भरून घेतलेली तिकिटं. ती रद्द करायला मात्र पर्यावरणाची काही हरकत दिसली नाही.

या तिकिटांची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. २०१९च्या उन्हाळ्यात सर्वसामान्यांसाठी १५ लाख तिकिटं काढली, तर मागणी आली १ कोटी ९३ लाखांची. स्पर्धेची एकूण तिकिटं ३० लाख आणि त्यांतली ८२ टक्के खेळणाऱ्या संघांच्या पाठीराख्यांना व सामान्य प्रेक्षकांना, अशी घोषणा होती. उरलेले १८ टक्के कोण, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. त्यांत प्रायोजक असतात, पदाधिकारी असतात, पदाधिकाऱ्यांचे स्नेही असतात. या मंडळींना आज सामना कोणाकोणाचा आहे हे खुर्चीत बसल्यावर कळलं तरी चालतं. खुर्ची तेवढी मध्यरेषेसमोरची लागते. बाकीच्यांसाठी अंतिम सामन्याचं सर्वांत स्वस्त तिकीट ९५ युरोला होतं आणि सर्वांत महाग ९४५ युरोला, म्हणजे त्या वेळच्या भावाने सत्तर हजार रुपयांच्या वर. प्रेमाला मोल नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे दरपत्रक पाहिलेलं नसावं.

मग करोना आला आणि स्पर्धेची देशोदेशींची मैदानं आक्रसली. तीही सारखी नव्हेत. बुडापेस्टने पूर्ण मैदान भरायला परवानगी दिली. हंगेरी-पोर्तुगाल सामन्याला तिथे ५५,६६२ माणसं बसली. विषाणूला बहुधा हंगेरीचा व्हिसा मिळाला नव्हता. म्युनिकने साडेचौदा हजारांच्या आसपास माणसं घेतली, ग्लासगोने बारा हजार आणि ९० हजारांच्या वेम्बलीने सुरुवातीला साडेबावीस हजार. डब्लिन आणि बिल्बाओ इथून प्रेक्षकांबाबत मनासारखं आश्वासन मिळालं नाही, म्हणून त्यांचे सामनेच काढून दुसऱ्या शहरांना दिले. ज्यांनी तिथली तिकिटं काढली होती त्यांना पैसे परत केले गेले. मायदेशी युरोचा सामना पाहायची हौस परत करायची सोय त्या अर्जात नव्हती.

आता प्रश्न उरला तो एवढाच, की घरी कोणाला बसवायचं.

स्कॉटलंडचा पाठीराखा घ्या. त्याच्या पुरुष संघाने १९९८च्या विश्वचषकानंतर एकही मोठी स्पर्धा पाहिली नव्हती. तरी तो जात राहिला. २१ मार्च २०१९ला याच युरोच्या पात्रता फेरीसाठी तो कझाकस्तानला गेला. विमानं बदलत, पगारी रजा खर्च करत, गुडघ्यापर्यंतचा घागरा सावरत तो थेट मध्य आशियात पोहोचला आणि ३-० असा पराभव पाहून परत आला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बेलग्रेडमध्ये पेनल्टी शूटआउटवर सर्बियाला हरवून स्कॉटलंड अखेर पात्र ठरलं. बावीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला तेव्हा मैदानाची दारं बंद होती. त्यानंतर ग्लासगोच्या हॅम्पडनवर पहिला सामना झाला, तर आत माणसं किती? ९,८४७. मैदानात मावतात पन्नास हजारांहून जास्त. तिथे चेक प्रजासत्ताकाच्या पॅट्रिक शिकने जवळजवळ मध्यरेषेवरून चेंडू जाळ्यात टाकला. त्यामुळे ज्यांना तिकीट मिळालं नाही ते एका मोठ्या दुःखातून वाचले, हे संघटनेच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

निष्ठा मोजायची कशी, यावर इंग्लंडने बराच विचार केलेला आहे. तिथे प्रवासी पाठीराख्यांचा क्लब आहे. सभासद व्हायचं, सामन्यांना जायचं आणि 'कॅप' साठवायच्या. तिकिटं कमी पडली की ज्याच्याकडे जास्त कॅप त्याला आधी. सोफियात जाऊन वर्णद्वेषी घोषणांमुळे दोनदा थांबलेला सामना ज्याने सोसला, पॉडगोरित्सा आणि प्रिस्टिना ज्याने नकाशात शोधून गाठली, त्याचं पुण्य असं खात्यावर जमा होतं. पद्धत वाईट नाही. पण तिच्यात निष्ठेबरोबर बाकी बऱ्याच गोष्टी मोजल्या जातात: रजा देणारा साहेब, विमानाचं भाडं, घरी लहान मूल नसणं. रात्रपाळीच्या परिचारिकेची निष्ठा या हिशेबात कायम काठावर नापास होते. शिवाय जिथे गुण आले तिथे गुण गोळा करणारे आलेच. तिकीट काढायचं, सामन्याला भाच्याला पाठवायचं आणि गुण आपल्या खात्यावर घ्यायचे, ही कला फुटबॉलच्या जगात सर्वत्र अवगत आहे.

यावरचा दुसरा उपाय म्हणजे सोडत. युएफाने तीही काढली. क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली होती तिथे कोणाचं ठेवायचं आणि कोणाचं रद्द करायचं हे नशिबावर सोडलं. सोडत निःपक्षपाती असते यात शंका नाही. कझाकस्तानला जाऊन आलेला आणि ऑफिसात सगळे भरतायत म्हणून अर्ज भरलेला, या दोघांकडे ती एकाच थंड नजरेने पाहते. आमचं मत विचाराल तर मोठा वाटा कॅपवाल्यांचा असावा आणि थोडा भाग सोडतीला राखावा, म्हणजे परिचारिकेलाही दार किलकिलं राहील. एवढं साधं गणित आहे. पण ते करत बसलो की मूळ घोळ बाजूला राहतो, आणि आमचा असा संशय आहे की तो तसा राहावा म्हणूनच आपल्याला हे गणित दिलेलं आहे. निष्ठावंत विरुद्ध नशीबवान अशी भांडणं लागली की मधल्या खुर्च्यांकडे कोणी पाहत नाही.

निष्ठेची खरी परीक्षा पुढे झाली. इंग्लंडने २९ जूनला वेम्बलीवर जर्मनीला हरवलं. पुढचा सामना ३ जुलैला, रोममध्ये. म्हणजे चारच दिवसांनी. इटलीचा नियम असा की ब्रिटनमधून येणाऱ्याने पाच दिवस विलगीकरणात राहावं. हा नियम वाचून ज्यांना गहिवरून आलं नाही ते सरकारी कामकाजाचे दर्दी नव्हेत. इंग्लंडच्या वाट्याची तिकिटं मग इटलीतच राहणाऱ्या इंग्रजांकडे वळली. आयुष्यभर कॅप साठवणारा मँचेस्टरमध्ये टीव्हीसमोर आणि तस्कनीत ऑलिव्हची झाडं राखत निवृत्त झालेले गृहस्थ मैदानात, असाही योग आला असेल. त्याच्या आधी अॅमस्टरडॅमला वेल्स विरुद्ध डेन्मार्क सामना झाला. डेन्मार्कच्या लोकांना मुभा होती, फक्त बारा तासांच्या आत देश सोडायचा. वेल्सच्या लोकांना देशात प्रवेशच नव्हता. निकाल डेन्मार्क ४, वेल्स ०. उपांत्य फेरीत डेन्मार्कची पाळी आली: सामना लंडनला, डेन्मार्कहून येणाऱ्याला दहा दिवस विलगीकरण, तेव्हा तिकिटं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या डेन्मार्ककरांना.

साथ होती, नियम हवेच होते, आम्ही काही नियमांच्या विरोधात नाही. फक्त त्याच आठवड्यांत एक बोलणी चालू होती. उपांत्य आणि अंतिम सामन्यांसाठी येणाऱ्या सुमारे २,५०० मान्यवरांना हे विलगीकरण लागू करू नये, असं युएफाचं म्हणणं असल्याच्या बातम्या होत्या आणि नाही जमलं तर अंतिम सामना बुडापेस्टला जाईल अशी कुजबुज सोबतीला होती. ब्रिटिश सरकारने पाहुण्यांना सवलत दिली. आकडा कमी केला म्हणे, तत्त्व मात्र मान्य झालं. कोपनहेगनहून आलेल्या सुताराच्या श्वासात विषाणू असतो आणि प्रायोजकाच्या श्वासात नसतो, हा वैद्यकशास्त्रातला शोध त्या उन्हाळ्याचा. वेम्बलीचे सामने सरकारच्या एका संशोधन कार्यक्रमाचा भाग होते, त्यामुळे हाही निष्कर्ष त्यात जमा करायला हरकत नव्हती.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटण्याचं कारण नाही. तीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला 'तुमच्या निष्ठेची पक्ष नोंद घेईल' असं सांगून, तिकीट परवा संध्याकाळी पक्षात आलेल्याला देतात, तसंच हे. फरक इतकाच की तिथे निष्ठावंत बंडखोरी करून अपक्ष उभा राहतो.

तशी बंडखोरीही झालीच म्हणा, फक्त निष्ठावंतांनी केली नाही. ११ जुलैला अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा. आत अधिकृत प्रेक्षक ६७,१७३. म्हणजे मैदानात वीस हजारांवर खुर्च्या रिकाम्या, आणि ही गोष्ट सगळ्या लंडनला ठाऊक. तिकीट नसलेल्या हजारो लोकांनी त्या दिवशी जागावाटपाचा प्रश्न स्वतःच सोडवला. या प्रकाराची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या लुईस केसी यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात अहवाल दिला. त्यानुसार १७ ठिकाणी जमावाने कडं तोडलं आणि सुमारे दोन हजार लोक तिकिटाशिवाय आत गेले. अपंग प्रेक्षकांसाठी ठेवलेली दारं त्यांनी खास हेरली होती. ज्यांनी फोनवर ॲप घेतलं, मैदानाजवळ गेल्यावरच उघडणारं तिकीट जिवापाड सांभाळलं, लशीचा नाहीतर चाचणीचा दाखला घेतला आणि जे रांगेत उभे राहिले, त्यांतल्या काहींना आपल्या खुर्चीत भलताच माणूस बसलेला दिसला. त्याने कॅप, सोडत, विलगीकरण यांपैकी कशाचाच विचार केलेला नव्हता.

हे सगळं अटळ होतं असं म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीचा पोर्तो आठवावा. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना इस्तंबूलहून तिथे हलवला, तोही १३ मेला, म्हणजे सामन्याआधी सोळा दिवस. १६,५०० प्रेक्षकांची मर्यादा. त्यांतली १२ हजार तिकिटं चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांच्या पाठीराख्यांना, प्रत्येकी सहा हजार. लोक खास विमानांनी गेले, सामना पाहिला, परतले. म्हणजे मनात आणलं तर जमतं. तेव्हा आमची मागणी एवढीच: मैदानाची क्षमता जितके टक्के कमी होईल तितके टक्के कात्री पहिल्यांदा मानाच्या खुर्च्यांना लावा. उरलेल्या जागांसाठी निष्ठावंत आपसात काय भांडायचं ते भांडतील. पाहुणे कमी झाले म्हणून सामना थांबल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

युएफाने यातलं काही केलं नाही, पण न्याय मात्र केला. ऑक्टोबर २०२१मध्ये इंग्लंडच्या संघटनेला एक लाख युरो दंड झाला आणि दोन घरचे सामने प्रेक्षकांविना खेळायची शिक्षा झाली, त्यांतला एक स्थगित. दार फोडणाऱ्यांकडे तिकीट नव्हतंच, त्यामुळे त्यांचं काढून घेण्यासारखं काही नव्हतं. ज्यांच्याकडे असतं त्यांचं काढून घेतलं. शिक्षेचा तो सामना ११ जून २०२२ला वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानावर झाला आणि इंग्लंडसमोर पुन्हा इटलीच होता. नियमात बसत असल्यामुळे शाळकरी मुलांना आणि त्यांच्यासोबतच्या मोठ्यांना आत सोडलं होतं. कॅपवाले घरी होते. सामना ०-० सुटला.