लेखक वारले, मालिका चिरंजीव

पुढचा भाग कुणी मागूच नये म्हणून लेखक एल. फ्रँक बॉम यांनी १९१० मध्ये आपल्या बालकथांच्या मालिकेतला ओझ हा अख्खा देशच अदृश्य करून टाकला. पण बालवाचक ऐकेनात आणि घेणेकरी तर त्याहून ऐकेनात. १९१३ मध्ये ओझ पुन्हा दिसू लागलं. १९१९ मध्ये बॉम वारले. आता तरी सुटलो, असं त्यांना वाटलं असेल. पण प्रकाशकाच्या पंचांगात नाताळ दरवर्षी येतो. गादीवर रूथ प्लमली थॉम्प्सन आल्या. त्यांच्या १९२१ च्या पहिल्या ओझ-पुस्तकावर लेखक म्हणून नाव मात्र बॉम यांचंच. स्वर्गवासी झाल्यावर लेखकाचा हात असा सुटतो! थॉम्प्सनबाईंनी १९३९ पर्यंत वर्षाला एक या हिशेबाने १९ पुस्तकं दिली. खुद्द जनकाची १४. त्या थांबल्या, तर मालिकेचे चित्रकार जॉन नील यांनीच लेखणी उचलली. सुदैवाने त्यांच्यानंतर छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचा नंबर लागला नाही. ‘मूळची सर नाही’ म्हणत नाकं मुरडणाऱ्यांनो, आधी आपल्या कपाटात बघा. दर नाताळात पुढचा भाग विकत आणला कुणी?