मनीचा फलाहार

ज्यांनी उभी हयात महसुली दफ्तरांत घालविली, आणि निवृत्तीनंतर घरात हुकूम ऐकणारे कोणी उरले नाही असे पाहून ज्यांनी अखेर मांजर पाळले, अशा गृहस्थांची एक स्वतंत्र जमात पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत आढळते. पेणच्या गणपतींइतकी तिची ख्याती सर्वदूर गेली नसली, तरी घडणीत ती त्या मूर्तींहून तिळमात्र कमी नाही. आमच्या आळीतील अण्णा हे या जमातीचे अव्वल कारकून होत. डॉक्टरांनी मधुमेहापायी त्यांची फळे बंद केली त्या दिवसापासून फळांची वासना त्यांच्या जिभेवर राहिली आणि फळे खाण्याचा अधिकार मनीकडे वर्ग झाला.

हा व्यवहार तोंडी होत नसे. लाल खारव्यात बांधलेली एक नोंदवही होती, आणि तीत फळवार हुकूम लिहिलेले असत. द्राक्षे व मनुका यांस सक्त मनाई होती. त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे सिद्ध आहे, मांजरांविषयीचा पुरावा तोकडा आहे खरा, परंतु संशयितास जामीन देण्याचा अण्णांचा रिवाज नव्हता. लिंबू, संत्रे आणि पपनस ही सालीतील तेलांमुळे हद्दपार झाली होती, आणि या एका हुकमास मनीनेही नाक मुरडून संमती दिली होती. सफरचंदाच्या बियांपासून पोटात सायनाइड तयार होते म्हणून बिया, गाभा आणि साल वजा जाता वाटाण्याएवढा तुकडा मंजूर. आंबा कोय आणि साल सोडून. कलिंगड बिया वेचून. या बिया अण्णा चष्मा कपाळावर चढवून, काकूंच्या शिवणाच्या सुईने एकेक टोकरून काढीत, आणि तेवढा वेळ मनी पाटावर शेपटी गुंडाळून, सुनावणीस आलेल्या पक्षकाराप्रमाणे, मिटल्या डोळ्यांनी बसून राही.

खरी गंमत केळ्याच्या हिशेबात होती. मांजराच्या दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून अधिक भाग खाऊवर जाऊ नये, असा पशुवैद्यांचा दंडक आहे. चार किलोच्या मांजरास दिवसाकाठी सुमारे २०० ते २५० उष्मांक पुरतात. म्हणजे खाऊच्या बाबीस वीस-पंचवीस आले. आणि मध्यम केळ्यात शंभराच्या आसपास असतात. या त्रैराशिकाने एक केळे मनीस निदान चार दिवस पुरावयास हवे होते. ते त्याच दिवशी संपे. उरलेल्या तीन हिश्श्यांचा खुलासा नोंदवहीत कोठेही नव्हता. तो अण्णांच्या रक्ततपासणीच्या कागदावर सापडे.

मी एकदा, केवळ ज्ञानप्रसाराच्या हेतूने, त्यांना सांगितले की मांजरास गोड चव कळतच नाही. गोडी ओळखण्यास लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मार्जारकुळात निकामी झालेले आहे, आणि हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ सालीच दाखवून दिले; वाघाचीही तीच गत. अण्णा बराच वेळ माझ्याकडे, मग मनीकडे पाहत राहिले.

“मग ती खाते कशाला?”

“तुम्ही एकदाचे उठावेत म्हणून,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

वास्तविक मांजर हा मांसाशन करणारा प्राणी. मांसमासळीतील टॉरिन त्याच्या पोटात गेले नाही, तर डोळे आणि काळीज दोन्ही दुबळी होतात. दूधभाताने किंवा फळाने ती तूट भरून निघत नाही. अण्णांच्या सोवळ्या घरात याची तजवीज नव्हती. मनी ती खाडीची मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीच्या पाटीखाली परस्पर करून घेई. नोंदवहीत ही बाब आलेली नाही.

गेल्या वैशाखात अण्णा सहकुटुंब सहमार्जार लेकीकडे रोह्यास गेले. रोहे म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे गाव. लेकीचे सासर देशमुखांच्याच ज्ञातीचे, कायस्थ प्रभूंचे, आणि त्या घरी मासळीचा मान काय असतो हे मी सांगावयास नको. पॅसेंजर गाडीत कासू गेले, नागोठणे गेले, तरी टोपलीतून मनीने ब्रही काढला नाही. सायंकाळी ओटीवर अण्णांनी रीतसर आंब्याची चौकोनी फोड कापून तळहातावर धरली. मनीने ती हुंगली. तेवढ्यात आत चुलीवर सुके बोंबील भाजावयास पडले, आणि मनी, इतक्या वर्षांच्या नोकरीचा एका क्षणात राजीनामा देऊन, शेपटी उभारून माजघराकडे चालती झाली.

“अण्णा, तिला नको असेल तर तुम्ही घ्या ना,” विहीणबाई म्हणाल्या.

अण्णांनी काकूंकडे पाहिले नाही. फोड खर्ची पडली.

मनी पेणेस परतली नाही. नोंदवहीत शेवटचा शेरा आहे तो असा : ‘रोहे येथे बदली, स्वेच्छेने.’ हल्ली अण्णा फळे खाणाऱ्या प्राण्याच्या शोधात आहेत. पोपटास १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आडकाठी आहे. म्हणून सशाची चौकशी चालू आहे.