घरातलं घराबाहेर जात नाही म्हणे!

आमच्या सोसायटीनं आजवर बरंच पचवलंय. पार्किंगच्या एका पट्ट्यावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले, ते पचवलं. ए विंगमधल्या एका घरानं ‘प्रसादाचे लाडू लहान होते’ म्हणून गणपतीच्या वर्गणीतले ५० रुपये परत मागितले, तेही पचवलं. एप्रिलमध्ये गच्चीवर घातलेल्या ओल्या उडदाच्या पापडांवरून कुणी तरी चपलेसकट चालत गेलं, त्या चपलेचा शोध अजून लागायचाय. पण सध्या बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जे चाललंय, ते बघून जिन्याखालच्या बाकावरचं आमचं मंडळ पार हादरलंय. नाव घेणार नाही. उगाच कशाला? लिफ्टसमोरचं दार, बाहेर तुळस, एवढं पुरे.

त्या घरात एक खोकं आलंय. पोळ्यांच्या डब्याएवढं, काळं, राउटरशेजारी गुपचूप बसलेलं. दिवे, पंखे, गिझर, पडदे, सगळा कारभार त्याच्या हाती. त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. बोलणारे डबे आमच्याकडे घरोघरी आहेत. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनचा एको भारतात आला, २०१९ मध्ये अलेक्सा हिंदी शिकली, आणि निवृत्त मंडळींना हुकूम सोडायला घरात पुन्हा कुणी तरी मिळालं. धक्का वेगळाच आहे. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊजी लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीशी, भेटेल त्याला सांगत सुटलेत, “आमच्या घरातलं काहीही घराबाहेर जात नाही!”

आता मला सांगा, सोसायटीत राहून हे बोलणं शोभतं का?

बरं, एकट्या त्यांचंच खूळ असतं तर सोडून दिलं असतं. पण डोंबिवलीच्या माझ्या मावसदिरांकडेही हेच. ‘लोकल हब’ म्हणतात त्याला. दीर फोनवर म्हणाले, “वहिनी, आमचं आता सगळं लोकलवर चालतं.” मी म्हटलं, “ते तर तुम्ही डोंबिवलीत गेलात तेव्हापासूनच चालतंय.” मग त्यांनी पाऊण तास समजावलं, आणि उरलेलं तिसऱ्या मजल्यावर कळलं.

तर ते असं. तुम्ही हॉलमध्ये बसून हॉलमधलाच दिवा लावायला सांगता. तो निरोप आधी घराबाहेर, कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. तिथं त्याचा अर्थ लागणार, आणि मग हुकूम परत तुमच्या डोक्यावरच्या दिव्याकडे. याला क्लाउड म्हणतात. म्हणजे ओट्याशी शेजारीच उभ्या असलेल्या जावेकडे मीठ मागायचं, ते अमेरिकेतल्या नणंदेमार्फत. नणंद जागी असली, मनात असलं, तर मीठ मिळणार. आणि जाता जाता तिला कळणारच की आमटी अळणी झालीये. लोकल हब म्हणजे जावेला सरळ हाक मारणं. घरातला निरोप घरातल्या खोक्याकडे, खोक्याकडून दिव्याकडे. नणंदेचा संबंध नाही.

नणंद रुसली की काय होतं, याचे दाखले भाऊजींच्या जिभेवर. रिव्हॉल्व्ह नावाचा हब अमेरिकेत लोकांनी ३०० डॉलर मोजून घेतला. २०१४ मध्ये नेस्टनं ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हरच बंद केला. खोकं धडधाकट, पण कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या लायकीचं. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर बंद पडले, गिऱ्हाइकांना आधी साधी चिठ्ठीसुद्धा नाही. पुढे काही गिऱ्हाइकांनीच मिळून ती कंपनी घेतली आणि दिवे पुन्हा लावून घेतले. आणि २० ऑक्टोबर २०२५ आठवतो? नरकचतुर्दशी. आपल्याकडे अभ्यंगस्नान उरकून फराळाच्या ताटांवर हात पडले होते, आणि तिकडे अ‍ॅमेझॉनचा क्लाउड आडवा झाला. त्यात एट स्लीप कंपनीच्या हजारो डॉलरच्या गाद्याही अडकल्या. कुणाची तापतच राहिली, कुणाची पाठीकडून उचललेली ती उचललेलीच. कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. गादीला इंटरनेट लागतं, हे ऐकून आमच्या बाकावरच्या सगळ्यांत थोरल्या आजी एवढंच म्हणाल्या, “आमच्या गादीला पिंजारी लागायचा.”

शिवाय नणंदेनं ऐकलेलं ती विसरत नाही, हा आणखी एक मुद्दा. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग पालकांनी सांगूनही नीट पुसली नाहीत, या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. एवढे पैसे कुणाचं तरी ऐकलं म्हणून! आमच्या मंडळाला हा कायदा लागू झाला तर बाकसुद्धा विकावा लागेल.

हे सगळं खरं करून दाखवायला भाऊजींनी एका रविवारी आम्हाला पोह्यांना बोलावलं. पोह्यांवर खोबरं भरपूर होतं, उगाच खोटं कशाला बोलू. प्लेट हातात आल्यावर ते उठले, राउटरमधली इंटरनेटची वायर खस्सकन उपटली आणि म्हणाले, “आता बघा!” पॅसेजमधून वहिनी चालत आल्या, दिवा आपोआप लागला. मोबाइलवर बोट टेकवलं, पंखा फिरला. भिंतीवरचं साधं बटण दाबलं, तेही चाललं. आम्ही टाळ्या वाजवणार, इतक्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला, “वहिनी, तुमचं नेट गेलं का हो? आमची मालिका अडकली!”

हॉलमध्ये एकदम शांतता. चौथ्या मजल्यावरचे दोन वर्षं कुणाच्या वायफायवर मालिका बघतायत, ते त्या क्षणी साऱ्या विंगेला कळलं. घरातलं बाहेर जात नाही म्हणे! यांचं वायफाय तर जिना चढून जातंय.

खोकं निवडलं कसं, यावर वेगळं कीर्तन झालं. हुबिटॅट नावाचा तयार हब मिळतो, तोही घरातल्या घरात विचार करतो. पण भाऊजींनी घेतलं होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर. पाउलस स्खाउटसेन या डच माणसानं २०१३ मध्ये सुरू केलेलं, फुकट, आणि आतली सगळी रचना कुणालाही उघडून बघता येते असं. कुणी उद्या विकत घेऊन टाळं लावू नये म्हणून २०२४ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या एका ना-नफा संस्थेच्या हवाली केलंय. त्याचंही तयार खोकं मिळतं, २०२३ मध्ये ९९ डॉलरला आलं. पण भाऊजी पुण्याचे. त्यांनी आधी मुलाच्या जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर भागवलं. लाइट चार वेळा गेली-आली आणि मेमरी कार्ड बसलं, बॅकअप नव्हता, दीड महिन्याची मांडामांड पाण्यात. मग ऑफिसातून मोडीत निघालेला छोटा कॉम्प्युटर आणला आणि तो राउटरसकट इन्व्हर्टरवर टाकला. आता रोज रात्री बॅकअप निघतो. पंचाहत्तर टक्के स्मार्ट घर म्हणजे बॅकअप, असं ते म्हणतात. उरलेले पंचवीस टक्के वहिनींचा संयम, हे मी म्हणते.

नुसतं खोकं घरचं असून भागत नाही, दिवाही घरचाच लागतो. काही दिवे हट्टी, ते फक्त आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात. मग तुमचं खोकं म्हणजे मध्ये उभा राहिलेला नुसता दलाल. म्हणून भाऊजी तपकीर गल्लीत दुकानोदुकानी एकच प्रश्न विचारत फिरले, “इंटरनेट काढून घेतलं तर हे चालेल का?” एक दुकानदार शेवटी म्हणाला, “काका, इंटरनेट काढायचंय तर साधंच बटण न्या ना. पस्तीस रुपये.”

डब्यावर ‘झिगबी’ किंवा ‘मॅटर’ लिहिलंय का ते बघायचं, असं ठरलं. मॅटर हे २०२२ मध्ये आलं. अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन आणि सॅमसंग या चार सवती एका पंगतीत जेवायला बसल्या, तो करार. झिगबी जुनं, आणि मला विचाराल तर फार गोड. मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, त्यावरून नाव पडलं. त्यातला दिवा आपला निरोप शेजारच्या दिव्याला सांगतो, तो पुढच्याला, तो पुढच्याला. सतत वीज मिळणारा जवळजवळ प्रत्येक जण निरोप पुढे देतो. सेलवर चालणारे मात्र फक्त स्वतःचं सांगून झोपतात, दुसऱ्याचं पोचवत नाहीत. ऐकून आमच्या बाकावर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोण सेलवर चालते ते मी इथं लिहीत नाही.

आता थोडं आतलं. हे घर सुखासुखी लागलेलं नाही.

न्यू जर्सीहून भाच्यानं मोठ्या प्रेमानं झेड-वेव्ह या झिगबीसारख्याच दुसऱ्या भाषेची, यूएसबीत खोचायची एक काडी आणली. तीन दिवस तिनं इथल्या एकाही बटणाला ओळख दिली नाही. अमेरिकेतलं झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, भारतातलं ८६५ वर. काडी तिकडचं बोलत राहिली, बटणं इकडचं ऐकत राहिली. मग झिगबीची काडी आली, तर दिवे कधी लागत, कधी नाही. कारण काय, तर काडी कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबीत थेट खोचली होती, आणि त्या जागेच्या गोंगाटात तिला कुणाचं धड ऐकू येत नव्हतं. साधी हात-दीड हात वायर लावून तिला बाजूला नेऊन ठेवली, आणि सगळं सुरळीत. वेगळं बिऱ्हाड केलं की प्रेम वाढतं, हे आमच्या मंडळाला कॉम्प्युटरशिवाय ठाऊक होतं.

गिझरचं प्रकरण मात्र जिन्यापर्यंत आलं. तीन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, आणि भाऊजींनी बोर्डामागं लावलेली स्मार्ट स्विचची डबी १० अँपिअरची. सकाळी सातला करपल्याचा वास सुटला. आम्हाला वाटलं, दूध उतू गेलं. वायरमननं डबी उघडून काळी झालेली पट्टी दाखवली आणि म्हणाला, “साहेब, हब कुठलाही घ्या, आधी अँपिअर वाचा.” आता गिझरला २५ अँपिअरचा काँटॅक्टर आहे, आणि वायरमनला तिसऱ्या मजल्यावर चहा.

पण खरा सामना झाला तो भाऊजींच्या वडिलांशी. वय ८६. झोपायला जाताना घरातली सगळी बटणं बंद करत जायचं, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. भाऊजींनी आधी स्मार्ट बल्ब लावले होते. आजोबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब मेला, आणि त्याच्या पलीकडचे निरोपही तुटले. मधमाश्यांची ओळच मोडली. भाऊजींनी बटणांवर चिकटपट्टी लावली, आजोबांनी सोलली. पुन्हा लावली, पुन्हा सोलली. आठ दिवसांनी भाऊजींनी हात टेकले, साधे बल्ब लावले आणि हुशारी बोर्डामागच्या डब्यांत नेऊन बसवली. आता आजोबा बटण दाबतात, दिवा विझतो, खोक्याला कळतं, कुणाचं अडत नाही. सगळ्या कीर्तनात मला पटलेली गोष्ट एवढीच. ज्या घरात पाहुणा न विचारता संडासातला दिवा लावू शकत नाही, ते घर स्मार्ट नव्हे.

वहिनींनी आणखी एक अट घातली, सगळे पासवर्ड किराण्याच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचे. “उद्या हे नसले तर मी काय अंधारात बसू?” आणि इथंच खमंग भाग सुरू होतो. कारण पासवर्ड मिळाल्यावर वहिनींनी खोकं उघडून वाचलं.

खोकं बाहेर काही सांगत नाही, पण आत सगळं लिहून ठेवतं. मुद्दाम बदललं नाही तर दहा दिवसांचं. कुठलं दार कधी उघडलं, कुठला दिवा किती वाजता लागला, मिनिटा-मिनिटाचा हिशेब. फ्रीजच्या दारालाही भाऊजींनीच हौसेनं सेन्सर लावलेला. मंगळवार, १ वाजून ४० मिनिटं, फ्रीज उघडा, चार मिनिटं. बुधवार, १ वाजून ५२. गुरुवार तर दोनदा. भाऊजींना साखर, आणि वरच्या कप्प्यात आम्रखंडाचा डबा! चोर स्वतःच पहारेकरी ठेवून गेला हो. वहिनी म्हणाल्या, “कंपनीला कळलं नाही हे बरं झालं. मला कळलं, तेवढं पुरे आहे.”

तुम्ही म्हणाल, घरातलं बाहेर जात नाही, तर हे तुम्हाला कसं कळलं? अहो, वहिनी संध्याकाळी बाकावर येतात. आमच्या नेटवर्कला सर्व्हर कधी लागलाच नाही.

आता या साथीनं पुढची पायरी गाठली आहे. परवाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी ठराव मांडला, की सोसायटीसाठीही असंच एक खोकं घ्यावं. टाकीच्या पातळीला सेन्सर, पंपाला सेन्सर, जिन्यातल्या दिव्यांना सेन्सर. इथपर्यंत माझा हात वर होता. मग कुणी तरी म्हणालं, गच्चीच्या दारालाही लावू, म्हणजे कोण कधी वर गेलं ते कळेल, पुढच्या एप्रिलमध्ये पापडांचं तरी रक्षण होईल.

माझा या ठरावाला सक्त विरोध आहे. माणसाच्या खासगी आयुष्याला काही किंमत आहे की नाही? कुणी केव्हा गच्चीवर गेलं, अंधारात खाली काय पसरलंय ते त्याला दिसलं की नाही, पायात काय होतं, या गोष्टी खोक्यात कशाला? इथं तत्त्वाचा प्रश्न आहे. चपलेचा नाही.