मिसळांक, शुभेच्छुक आणि ‘कुठले पाटील?’

प्रस्तुत लेखकाचा मिसळांक सहा आहे. ही फुशारकी नव्हे, मोजमाप आहे. म्हणून आधी व्याख्या. ज्याने किमान सहा हॉटेलांत प्रत्येकी किमान सहा वेळा मिसळ खाल्ली आहे, पण सात हॉटेलांत सात-सात वेळा खाल्लेली नाही, त्याचा मिसळांक सहा. आमच्या पेठेतले एक काका चाळीस वर्षं रोज सकाळी एकाच हॉटेलात, एकाच बाकड्यावर बसतात. पोऱ्या न विचारता कटाची जादा वाटी आणून ठेवतो आणि ब्रेडच्या लादीतला कडेचा तुकडा त्यांच्यासाठी वेगळा काढतो. काकांचा मिसळांक एक. हा निष्कर्ष मी त्यांना ऐकवला, तेव्हा ते कट ओरपत म्हणाले, “मग तुजं शास्त्रच चुकलंय.”

शास्त्र माझं नव्हे. होर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ते मांडलं. हॉटेलाच्या जागी पेपर ठेवा आणि मिसळ खाण्याच्या जागी सायटेशन, की झाला एच-इंडेक्स. एकच पेपर हजार वेळा उद्धृत झाला नि बाकीचे कुणी पाहिलेही नाहीत, तर आकडा एकच. म्हणजे काकाच. (त्याच्या कितीतरी आधी खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन सायकलीच्या रपेटी याच हिशोबाने मोजत असे. त्याचा अंक ८४ होता: ८४ दिवस, दर दिवशी किमान ८४ मैल.)

उल्लेख मोजायची कल्पना मात्र वकिलांची. कोणता निवाडा पुढे कोणत्या खटल्यात कुणी पुढे केला, याची सूची अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. ती पाहून यूजीन गारफिल्डने १९५५ मध्ये विज्ञानासाठी तशीच सूची सुचवली आणि १९६४ मध्ये ती छापली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, त्यामुळे ही मूळ विद्याही आता गावात आहे. दुसरी शाखा शिवाजी विद्यापीठात १९६२ पासून आहेच. तिथे पूर्वी “पेपर किती?” विचारत, आता “सायटेशन किती?” विचारतात. सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या दोन टक्के शास्त्रज्ञांची स्टॅनफर्डची यादी आली, की पेपरात (म्हणजे वर्तमानपत्रात) प्राध्यापकांचे फोटो झळकतात.

फोटोवरून विषय निघालाच, तर सहलेखनाकडे वळू. हिग्ज बोसॉनचं वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या पेपरला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी संशोधन नऊ पानांत आटोपलं, उरलेली चोवीस पानं नावांनी भरली. जग चकित झालं. कोल्हापूर झालं नाही. इथल्या कुठल्याही चौकातला वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड पाहा: मजकूर एक ओळ, ‘शुभेच्छुक’ पन्नास. कुणाचा फोटो केवढा आणि कुठल्या कोपऱ्यात, यावरून जे रुसवेफुगवे चालतात, त्यांच्यापुढे ‘पहिलं नाव गाईडचं की विद्यार्थ्याचं’ हा वाद फिका आहे. स्वतःच्या वाढदिवसाचा बोर्ड स्वतःच्या खर्चाने लावण्याला संशोधक ‘सेल्फ-सायटेशन’ म्हणतात आणि त्याकडे नाक मुरडून पाहतात. चौकात तसा कमीपणा कुणी मानत नाही.

नावांचा घोळ हे या शास्त्राचं जुनं दुखणं. डेटाबेसमध्ये ‘पाटील, एस.’ टाका आणि अख्खा जिल्हा समोर येतो. एकाची सायटेशनं दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेली असतात. त्यावर तोडगा म्हणून २०१२ पासून संशोधकाला ऑर्किड नावाचा सोळा आकडी क्रमांक मिळू लागला. आमच्याकडे एवढे आकडे लागत नाहीत. “कुठले पाटील?” दोन शब्द. उत्तरात गाव येतं, गावामागून भावकी, आणि चहा येईपर्यंत समोरच्याच्या मामांची सोयरीक कुठली, हेही ठरतं.

उल्लेखच झाला नाही तर काय होतं, याचं उदाहरण पायाखालीच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखवल्या आणि वर्णन केलं ‘चामड्याच्या सँडल’. संदर्भ शून्य. इथे गदारोळ उठला, तेव्हा कंपनीने महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. शुद्धिपत्रकच म्हणायचं. पण शहानिशा करू गेलो, तर घरातही भानगड निघते. या चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवतात, आणि शीर्षकात नाव कोल्हापूरचं. गाईडचं नाव पहिलं, तसंच हे.

काकांना विचारलं, “ही चप्पल कुठली?”

“चप्पल लाईनीतली.”

“ती घेतली कुठं ते. केली कुणी?”

काकांनी चप्पल काढली, उलटी केली, उजेडाला धरली. तळाला एक आकडा ठोकलेला होता: ९.