अकरा वाजून साठ मिनिटं

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश द्यायचा नाही, दहावीची परीक्षा झाल्याशिवाय तर नाहीच नाही. उत्तम झालं. आता सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची अट वाचा: ३१ मार्चला मुलाचं वय दहा ते बाराच्या दरम्यान हवं. म्हणजे परीक्षा बारापर्यंत उरकायची आणि तयारीला सोळा झाल्यावर बसायचं. हा प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीत घातला, तर चारही पर्याय चूक निघतील.

आपल्याकडच्या अकॅडम्यांनी तो केव्हाच सोडवलाय. पाटीवर लिहायचं ‘निवासी गुरुकुल’. गुरुकुलात सोळाची अट कुठली? पहाटे पाचला उठवायचं, पीटी, पोहे आणि मग सराव पेपर. मुलाचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर आणि मुलगा तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या ट्रंकेवर उशी ठेवून झोपलेला. गुरुजींनाही पट टिकल्याचं समाधान.

पेपर १२५ प्रश्नांचा, ३०० गुणांचा, वेळ अडीच तास. निम्मे गुण एकट्या गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांचं वेगळं प्रशिक्षण असतं: येत नाहीत त्या सगळ्यांना डोळे झाकून ‘ब’ ठोकायचा, एकही गोल कोरा राहता कामा नये. भावी अधिकाऱ्याने अंधारात गोळी झाडायला इथूनच शिकायचं, असा काहीतरी उदात्त हेतू असावा.

ओळखीतल्या एका पाचवीतल्या पठ्ठ्याला विचारलं, ‘‘आरशात घड्याळ ८:२० दाखवतंय, खरी वेळ काय?’’

‘‘३:४०.’’ माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

‘‘कसं काढलंस?’’

‘‘काका, ११:६० मधून वजा करायचं.’’

‘‘अकरा वाजून साठ मिनिटं झाली, हे कधी बघितलंयस?’’

‘‘सरांनी सांगितलंय.’’

मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून किती वाजले ते विचारलं. काट्यांकडे बघून तो जरा घुटमळला आणि आईच्या मोबाइलकडे वळला. दोष त्याचा नाही. वाजले किती, हे पेपरात सरळ विचारतच नाहीत.

साताऱ्याची शाळा १९६१ची, देशातली पहिली सैनिक शाळा. पोरं तयार करून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पाठवायची, हा या शाळांचा मूळ उद्देश. २०१९ पासून चंद्रपूरलाही एक आहे. २०२१ मध्ये केंद्राने स्वयंसेवी संस्था, खासगी शाळा आणि राज्य सरकारं यांच्या भागीदारीत आणखी शंभर शाळांना मंजुरी दिली, तेव्हापासून पालकांच्या आशेला नवा धुमारा फुटलाय. अशाच एका वडलांना विचारलं, ‘‘म्हणजे चिरंजीव लष्करात?’’

‘‘छे हो! एकुलता एक आहे. शिस्त लागते ना तिथे. पुढे जेईईच करायचीय.’’

शिवाजी शेजारच्या घरात जन्मावा हे तर आपण पूर्वापार म्हणतोच. आता त्याची सीट तेवढी आपल्या बाळ्याला मिळावी.

निकाल लागला की चौकात फ्लेक्स. निवड झालेली पोरं खालच्या ओळीत पासपोर्ट साइजमध्ये, वर संचालक सर हात जोडून आणि त्यांच्याही वर आमदारसाहेब. साहेबांनी कुठला गोल काळा केला होता कोण जाणे. ज्यांची निवड झाली नाही त्यांचा फ्लेक्स नसतो. त्यांच्यासाठी नववीच्या प्रवेशाची बॅच असते. तिथे वयाची अट तेरा ते पंधरा. म्हणजे पुन्हा सोळाच्या आतच. मंत्रालयाने चुकूनसुद्धा अडथळा आणलेला नाही.

मोठ्या अकॅडम्यांत तर आता गर्दीच इतकी झालीय की आत शिरायला त्यांचीच निवड चाचणी द्यावी लागते. परवा एका ऑफिसात असेच एक गृहस्थ फॉर्म भरत होते. भीत भीत त्यांनी विचारलं, ‘‘सर, दुसरीतल्याला घेता का?’’

‘‘वय?’’

‘‘सात पूर्ण.’’

सरांनी चष्मा वर केला. ‘‘उशीर केलात हो. पण बघू, काढू भरून.’’