कायचं फिरणं, बाप्पा!

रिठदसारख्या गावातला पन्नाशी ओलांडलेला शेतकरी निव्वळ मौजेसाठी एकटा प्रवासाला निघाला, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. बंदी कुणाचीच नाही. विचारणारे मात्र फार. पिशवी हातात घेऊन वाशिम-रिसोड रस्त्यापर्यंत पोचायच्या आत निदान पाच जण "कुठी चालले?" म्हणतात, आणि "असंच, जरा हवापालट" हे उत्तर तिथं खपत नाही. ते देणाऱ्याच्या घरी संध्याकाळपर्यंत माणसं येऊन बसतील आणि घरात भांडण झालं की डोक्यावर परिणाम झाला, याची हळूच चौकशी करतील. घर सोडायची मान्य कारणं ठरलेली आहेत : लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख, बाजार समिती आणि देव. देवही ठरलेलेच. शेगाव, पंढरपूर, फार तर तालुक्यातल्या लोणीचे सखाराम महाराज. या यादीत अलीकडच्या काळात एकाच नव्या कारणाची भर पडली आहे : "पोराकडं, हिंजवडीले." या कारणाने जाणाऱ्या गृहस्थाला आपण आबा म्हणू. आबा पोराला भेटायला जातात असं गाव मानतं, पोरगाही मानतो. माझं म्हणणं असं की आबा सहलीला जातात, एकटे, ठरवून, आणि पोरगा हा त्या सहलीचा परवाना आहे.

आबांची बांधणी साधारण सगळीकडे सारखीच. शेत जेमतेम, त्यात सोयाबीन, तूर आणि पाणी असलं तर हळद. पोरगा शेगाव नाहीतर अमरावतीकडच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला आणि आता 'कंपनीत'. कंपनीत तो नेमकं काय करतो हे आबांना सांगता येत नाही, पण कंपनी कुठं आहे हे चोख सांगता येतं : "इन्फोसिसच्या बाजूले." हिंजवडीतली प्रत्येक कंपनी आबांच्या हिशेबी इन्फोसिसच्याच बाजूला असते, आणि तिथल्या गर्दीत हे फारसं खोटंही नाही. नीती आयोगाने २०१८ साली वाशिमला देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. आकांक्षा जिल्ह्यात आधीपासून होत्याच, फक्त त्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघून जात होत्या. आबा त्यांच्याच मागोमाग जातात, पाच किलो तुरीची डाळ, घरची हळद आणि खारोड्यांचा डबा घेऊन. डाळ अत्यंत महत्त्वाची. ती पिशवीत दिसली की वाटेतला एकही माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. पोराला डाळ पुण्यातही मिळते, आणि तीन मित्रांच्या त्या फ्लॅटमध्ये मागच्या खेपेची डाळ ओट्याखाली तशीच पडलेली असते, हे आबांना ठाऊक असतं. पण डाळीवाचून निघालेला माणूस फिरायला निघाल्यासारखा दिसतो.

आता पुरावा. पहिला पुरावा तारखेचा. सोयाबीन विकून झालेलं असतं, हरभरा पेरलेला असतो आणि त्याला पाणी द्यायला अजून अवकाश असतो. हे आठ-दहा दिवस शेतात आबांची गरज सगळ्यात कमी असते, आणि नेमकं याच दिवसांत त्यांना पोराची आठवण तीव्र होते. श्रावणात, डवरे-फवारणीच्या धांदलीत, ही आठवण कधी उसळी घेत नाही. दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. पोराला भेटायचं तर शनिवार-रविवार गाठावा, कारण बाकीचे दिवस तो कंपनीत. आबा रविवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसतात, सोमवारी उजाडता वाकडला उतरतात आणि शुक्रवारी परत निघतात. म्हणजे पोरगा मोकळा असण्याचे दोन्ही दिवस त्यांनी अचूक चुकवलेले असतात. यावर त्यांचं उत्तर तयार आहे : "शनिवार-रविवारी गाडीवाले भाडं वाढवतात." वाढवतात हे खरं. पण सबंध आठवड्यात पुण्याकडं जायचं भाडं सगळ्यात चढतं ते रविवारी रात्रीच, कारण सुट्टीला गावी आलेली सगळी नोकरदार पोरं त्याच रात्री परत फिरतात. जो माणूस बाजार समितीत क्विंटलमागे दहा रुपयांसाठी अर्धा दिवस थांबतो, तो सगळ्यात महाग रात्र चुकून निवडेल, हे मानणं आबांच्या व्यवहाराचा अपमान आहे. त्यांना पोरगा भेटायला हवा असतो, पण सकाळी तासभर आणि रात्री तासभर. मधले दहा-बारा तास त्यांनी स्वतःसाठी राखलेले असतात, आणि त्यासाठी ते वरचे दोनशे रुपये मोजतात.

त्या तासांत आबा काय करतात, हे पाहिलं की उरलीसुरली शंका जाते. पोरगा सकाळी "बाबा, आराम करा" असं बजावून निघतो आणि पंधराव्या मिनिटाला आबा फाटकाशी हजर. फाटकावरचा रखवालदार बहुधा हिंगोली, बुलढाणा किंवा नांदेडकडचा निघतो. नसेल तर बिहारचा, आणि तोही चालतो, कारण त्याच्याही गावाकडं पाऊस झालेला किंवा न झालेला असतोच. या केबिनमध्ये आबांना जी प्रतिष्ठा मिळते ती पोराच्या फ्लॅटमध्ये मिळत नाही. पुढे बाहेर जाऊन परत येताना तोच रखवालदार, नियम म्हणून, मोबाइलवरून पोराकडे परवानगी मागतो. पोरगा मीटिंगमध्ये. मग ज्या बापाने त्याला शाळेत घातलं तो बाप, पोराने बटण दाबेपर्यंत, खुर्चीवर बसून राहतो. याचं आबांना वाईट वाटतं असं पुष्कळांना वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण ती खुर्ची रस्त्याच्या तोंडाशी असते आणि तिथून सगळं दिसतं. नोंदवहीत 'येण्याचं कारण' या रकान्यात आबा 'खासगी' लिहितात. अख्ख्या प्रवासात त्यांनी केलेलं हे एकमेव खरं निवेदन.

दुपारी ते पीएमपीची बस धरतात. माण फेज तीनहून सुटणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसायचं, थेट पुणे मनपापर्यंत जायचं, एक चहा घ्यायचा आणि त्याच बसने परत यायचं. मधे उतरायचं कुठंच नाही. संध्याकाळी भूमकर चौकात नाहीतर हिंजवडीच्या शिवाजी चौकात उभं राहून वाहतुकीची कोंडी पाहायची. हिंजवडीच्या कोंडीवर आजवर जेवढं लिहिलं-बोललं गेलं ते सगळं तिच्यात अडकलेल्या माणसांचं आहे. कोंडीत उभं राहून ज्याला कुठंच पोचायचं नाही असा तिथला एकमेव माणूस म्हणजे आबा, त्यामुळे तिच्यातलं नाट्य दिसतं ते त्यांनाच. कोण कुणाला हूल देऊन पुढे घुसला, कंपनीची बस कशी आडवी आली, मोटारसायकलवाला फुटपाथवरून कसा निसटला, हे सगळं ते बारकाईने बघतात, आणि रात्री पोरगा घामाघूम होऊन आला की त्यालाच त्याच्या रस्त्याची हकिगत ऐकवतात. मधे एकदा मॉल होतो. तिथल्या कॉफीचा हिशेब आबा सोयाबीनमध्ये मांडतात : २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे अडीचशे रुपयांची कॉफी पावणेपाच किलोला पडली. त्यात बाजारात हमीभाव मिळाला नाही, तर कॉफी आणखी महाग होते, हेही ते जोडतात. कॉफी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पितात.

यावर कुणी म्हणेल, हिंजवडीत बघायला आहेच काय? ना समुद्र, ना किल्ला, ना लेणी. काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब आणि खड्डे. सहलीला जायचं तर माणूस महाबळेश्वर धरेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि माझा मुद्दा त्याच तथ्यावर उभा आहे. महाबळेश्वरला गेलेला माणूस मजा करून आला हे लपवता येत नाही. हिंजवडीला गेलेल्या माणसावर तसा संशय घ्यायला जागाच नाही. उलट परतल्यावर लोक त्याची कीव करतात. शिवाय बघायला काही नाही हे शहरातल्या डोळ्यांचं मत. आबांना तिथं असं काही दिसतं जे अजिंठ्यात दिसणार नाही : शेतीचं काय होऊ शकतं ते. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीने वसवला तो तिथल्या शेतजमिनीवर आणि माळावर. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले आणि राज्यभर ओरड झाली, तेव्हाही तिथला कारभार ग्रामपंचायतच पाहत होती. म्हणजे आबा रात्रभर प्रवास करून एका ग्रामपंचायतीतून दुसऱ्या ग्रामपंचायतीत येतात. रस्त्यावर पाणी साचतं, सरपंचाच्या नावाने लोक ओरडतात, चैत्रात म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघतं. सगळं ओळखीचं; फक्त मधे वीस-वीस मजले उगवलेले. चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली एखादा राहून गेलेला भाताचा तुकडा आणि पत्र्याच्या शेडात चार म्हशी दिसतात, आणि आबांची नजर तिथंच खिळते. मग गुणाकार सुरू होतो. एकराचे चाळीस गुंठे, चौरस फूट ४३,५६०. फ्लॅटचा भाव फुटाला सात हजार धरला तरी एकर तीस कोटींच्या वर. यात मजले धरलेले नाहीत, आणि जमिनीचा भाव आणि फ्लॅटचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरगा समजावून सांगतो. आबांना ते कळतं. पण सहलीत माणसाने थोडं भव्य बघावं. कुणी ताजमहाल बघतं, आबा हा गुणाकार बघतात. रिठदच्या एकराशी त्याची तुलना ते करत नाहीत, निदान मोठ्याने नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणं बरं नव्हे. आबांच्या मनावर ओझं असतं, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं. कंपन्या माणसं कमी करतात ही बातमी गावातही पोचते. पोराचं लग्न व्हायचं असतं, आणि हल्ली स्थळाकडून पहिला प्रश्न पुण्यातल्या फ्लॅटचा येतो, शेताचा दुसरा. शेतही हवं, पण मुलगा त्यात उतरणारा नको, अशी ती अट. तेव्हा आबा जातात ते नोकरी पक्की आहे ना हे डोळ्यांनी बघायला, फ्लॅटचे दर काढायला, कंपनीच्या पाटीपुढे पोराचा फोटो काढून आणायला. हे सगळं खरं आहे. मी फक्त वेळेचा हिशेब मागतो. पाटीपुढचा फोटो दोन मिनिटांत निघतो, आणि दराची चौकशी रखवालदाराकडे पहिल्याच सकाळी पुरी होते. काळजी तेवढ्यात उरकते, मुक्काम मात्र शुक्रवारपर्यंत चालतो. चिंता आणि चैन एका पिशवीत राहू शकत नाहीत हा समज ज्यांना वर्षाला ठरावीक रजा मिळते त्यांचा आहे. शेतकऱ्याला चैन करायची तर ती चिंतेच्या नावाखालीच करावी लागते. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं ते शहरातल्या माणसाला बैलगाडीत बसता यावं, चुलीवरची भाकरी खाता यावी म्हणून. उलट दिशेच्या पर्यटकासाठी धोरण नाही, निवास-न्याहारी नाही, वाटाड्याही नाही. आबांनी स्वतःची सोय स्वतः करून घेतली, आणि तीही अनुदान न मागता. विदर्भाच्या शेतीत असं उदाहरण विरळा.

परतल्यावरचं वागणंही तपासण्यासारखं आहे. पारावर आबा फक्त तक्रारी सांगतात : पाणी टँकरचं, हवा धुराची, माणसाला माणूस ओळखत नाही, भाजीला चव नाही. "कायचं फिरणं, बाप्पा! पोराले दाय द्याची होती." तिथं खाल्लेल्या पिझ्झ्याचा उच्चार नाही, बसच्या खिडकीचा नाही, मॉलच्या सरकत्या जिन्यावरून तीनदा खाली-वर केल्याचा तर नाहीच. ज्या गावाने इतका छळ केला त्या गावी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच आठवड्यात कोण जातं, हे पारावर कुणी विचारत नाही. कारण पारावरच्या आणखी दोघांची पोरं बाणेरला आणि खराडीला आहेत.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे आबांचा वकील म्हणून मला फार बोलता येत नाही. तो आबांच्या बायकोचा. माय पोराकडे जाते ती पोरगा तापाने पडला तरच. आणि गेली की ओट्याखालची ती साठलेली डाळ तिलाच निवडून, शिजवून संपवावी लागते. तिच्या हिंजवडीत बस नाही आणि चौकही नाही. निव्वळ काटकसरीने बघितलं, तर खरं म्हणजे तिनेच जायला हवं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिने एसटीने जावं, आबांचं ट्रॅव्हल्सचं पूर्ण भाडं वाचावं. हा हिशेब ती मांडते, आणि अलीकडे जरा जोराने मांडते. त्यावर आबांचं उत्तर एकच : "मंग म्हशीचं कोण पायते?" म्हशीचं कोण पाहतं याला साक्षीदार आहे, तो म्हणजे म्हैस. आबा गोठ्याच्या दारात दिसले तरी ती पाय झाडते. गेल्या कित्येक वर्षांत तिने त्यांना धारेला बसू दिलेलं नाही, हे सगळ्या आळीला माहीत आहे.