खोलीला रिव्हर्स येत नाही

हिंजवडीच्या आयटी पार्कात लडाखला न गेलेला माणूस सापडणं अवघड होत चाललंय. फेज वनमधले बुलेटवरून जाऊन आलेत, फेज टूमधले थारमधून, आणि फेज थ्रीवाले वाकडच्या पुलाखालीच अडकून पडल्यामुळे पुढच्या वर्षी जाणार आहेत. खारदुंगलाच्या पाटीसमोर उभं राहून काढलेला फोटो ही आता इथली किमान पात्रता. त्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट उंची मिरवत होती. मोजणीत ती खिंड १७,६०० फुटांच्या आसपास भरते. बायोडेटात अनुभवाची वर्षं लिहिताना हिंजवडीत जो उदारपणा दाखवतात, तोच तिथेही कुणीतरी दाखवला असणार.

तर अशा गावात चारचौघांत उठून दिसायचं, तर नुसतं लडाखला जाऊन भागत नाही. घर घेऊन जावं लागतं.

घर घेऊन जाण्याचे दोन प्रकार आहेत. एकात घर आणि गाडी एकच. आपल्याकडे बहुतेक कॅराव्हॅन अशाच असतात. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचा ट्रॅव्हलर घ्यायचा, आतल्या सीट काढायच्या आणि तिथे पलंग, ओटा, संडास बसवायचा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलेले फोटोही याच जातीचे होते. दुसरा प्रकार म्हणजे ट्रेलर. पुढे आपली नेहमीची गाडी आणि तिच्या मागे हूक लावून ओढत नेलेली दोन चाकांची खोली. अमेरिका-कॅनडातली मंडळी अशी खोली मागे लावून अलास्कापर्यंत जातात. मुक्कामी पोचल्यावर खोली सोडून ठेवायची आणि गाडी घेऊन दूध आणायला मोकळं व्हायचं, हा यातला फायदा. तोटे पुष्कळ आहेत, पण ते यूट्यूबवर दिसत नाहीत.

पहिला धक्का कायदा देतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली मोटार वाहनाची व्याख्या ट्रेलरलाही पोटात घेते. म्हणजे जिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, फक्त एक गादी आणि दोन खिडक्या आहेत, ती खोलीसुद्धा कायद्याच्या नजरेत मोटार. तिची नोंदणी वेगळी आणि नंबरही वेगळा. हिंजवडीकराला एमएच १४ च्या दोन पाट्या मिळतात, एक ओढणारीची आणि एक ओढली जाणारीची.

दुसरा धक्का सोसायटीचा. ‘ही उभी कुठे करणार?’ हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की त्या दिवशी पाण्याच्या टँकरचा विषय मागे पडतो. सेक्रेटरी म्हणतात, व्हिजिटर पार्किंगमध्ये चालणार नाही. खजिनदार म्हणतात, चारचाकीचं दुसरं शुल्क भरा. मग एखादा निवृत्त बँक अधिकारी खाली जाऊन, वाकून बघून येतो आणि शांतपणे मांडतो की हिला चाकं दोनच आहेत, तेव्हा नियम क्रमांक अमुकनुसार ही दुचाकी. यावर कुणालाच उत्तर सुचत नाही. बारा फुटांची खोली महिना शंभर रुपये भरून अ‍ॅक्टिव्हांच्या रांगेत उभी राहते.

हा छंद नवा नाही, आणि उत्तरेकडे जाण्याचं वेडही नवं नाही. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर ब्रिटिश आरमारातून निवृत्त होऊन मुलांसाठी साहसकथा लिहीत होता. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून महॉगनीची ऐसपैस घोडागाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘वाँडरर’. निव्वळ हौसेसाठी बांधलेली ही पहिली कॅराव्हॅन असं मानतात. वजन दोन टनांच्या घरात, ओढायला दोन घोडे. दक्षिण इंग्लंडातल्या ट्वायफर्डहून निघून हा गृहस्थ थेट उत्तर स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसला पोचला. बरोबर गाडीवान, कुत्रा, पोपट आणि एक नोकर. नोकराचं काम असं की तीनचाकी सायकलवर पुढे जायचं आणि समोरून येणाऱ्यांना सांगायचं, बाबांनो, मागून आमचं घर येतंय, बाजूला व्हा. आपल्या ट्रकवरचा क्लीनर तो हाच. फरक इतकाच, की आपला क्लीनर दारात लटकून फळकुटावर थाप मारतो आणि त्याला सायकल कुणी घेऊन देत नाही.

ओझं चढावर ओढायचं कसं, हे शिकायलाही हिंजवडीकराला इंग्लंडात जायची गरज नव्हती. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा रथ पुणे सोडून दिवे घाटाच्या पायथ्याशी येतो तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपतात, घाट चढवतात आणि वर सोडतात. चढाला ताकद वाढवायची आणि सपाटीला कमी करायची, हे गिअरबॉक्सचं तत्त्व झालं. खुद्द हिंजवडीचं ग्रामदैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेला त्याचं बगाड हिंजवडीहून वाकडला मिरवत नेतात, आणि त्या दिवशी सगळी वाहतूक त्यामागून चालते. बाकीचे दिवसही ती त्याच वेगाने चालते, नुसतं बगाड नसतं.

पण ट्रेलरची खरी शाळा हिंजवडीच्या शेजारीच आहे. आयटी पार्क ओलांडून पश्चिमेला निघालं की मावळातल्या कासारसाई-दारुंब्रेला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना लागतो. हंगाम सुरू झाला की उसाने लादलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून, याच आसपासच्या रस्त्यांवरून काट्याकडे निघतात. त्यांच्या मागे अडकलेला हिंजवडीकर काच वर करून हॉर्न वाजवत असतो, स्टँडअप मीटिंग चुकल्याचं टीम लीडला कळवत असतो. पुढे चाललेला तो ड्रायव्हर ट्रेलर ओढण्याच्या विद्येतला पीएचडी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. खोली विकत घेतल्यावर ठाऊक होतं.

कारण खोली पुढे कुणीही नेतो. मागे घ्यायची वेळ येते तेव्हा खरी परीक्षा असते.

स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीची मागची बाजू डावीकडे येते, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. मागे ट्रेलर लागला की तेच स्टिअरिंग त्याला उजवीकडे ढकलतं. ते सावरायला आणखी फिरवावं, तर ट्रेलर आणखी उजवीकडे जातो आणि बघता बघता गाडी व खोली काटकोनात येऊन एकमेकींकडे बघत बसतात. ट्रेलर जितका आखूड, तितका तो चटकन फिरतो. त्यामुळे हौसेने घेतलेली छोटीशी, गोंडस खोली सगळ्यांत जास्त छळते. सोसायटीच्या गेटात ही कवायत सुरू झाली की वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला आणि दोन आजोबा असे पंचमंडळी जमतात. ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या’ असा गजर होतो आणि ‘बास’ हा शब्द नेहमी खांबाला लागल्यावर उच्चारला जातो.

त्यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतो. गाडीने वेग कमी केला की मागचा ट्रेलर आपल्याच भाराने पुढे रेटतो, तो रेटा हुकापाशी दाबला जातो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. युक्ती सुरेख आहे, पण मागे घेतानाही गाडी त्याच हुकाला दाबते. जुन्या धाटणीच्या ट्रेलरला वाटतं, ब्रेक मागितला. तो लावतो. खाली उतरून, अडसर घालून त्याची समजूत काढावी लागते. नव्या ट्रेलरांत ही समजूत कारखान्यातच घातलेली असते, मात्र आपला नवा की जुना हे भर गेटात कळतं.

शेवटी हिंजवडीकर एका रविवारी कारखान्याच्या वाटेवर जातो. ट्रॅक्टरांची रांग लागलेली, नंबर यायला अवकाश. एका ट्रॉलीखाली चादर टाकून पडलेले आष्टीकडचे ड्रायव्हरमामा उठून बसतात, खोलीभोवती एक चक्कर मारतात आणि आधी हुकाची पिन हलवून बघतात.

‘पिनला क्लिप न्हाई घातली, सायेब?’

सायेबांनी क्लिप घातलेली नसते. ती दारातल्या कप्प्यात, चार्जिंगच्या वायरीखाली असते.

‘आन् साखळी?’

साखळी घरी असते. पिन निसटली तर ट्रेलर निदान साखळीवर तरी लटकावा म्हणून ती असते, हे मामांना समजावून सांगावं लागत नाही. मग धडा सुरू होतो. ‘स्टेरिंग वरून धरू नगा. खाली धरा, सहाच्या काट्यावर. आता ट्रॉली ज्या अंगाला न्यायची, हात त्याच अंगाला न्या.’ हिंजवडीकर हात खाली नेतो, उजवीकडे सरकवतो, आणि खोली निमूट उजवीकडे जाते. उलट्याचं सुलटं झालेलं असतं. ‘आन् चुकलं तर मागं रेटत बसायचं न्हाई. पुढं घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा यायचं. लाजायचं कशाला?’ मामा स्वतः दोन ट्रॉल्या मागे घेतात. तिथे पहिली ट्रॉली उलट वागते आणि दुसरी पहिलीच्या उलट. सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा भरतात, बक्षिसं लागतात, बघायला गाव लोटतं. हिंजवडीतल्या कुठल्या हॅकेथॉनला एवढी गर्दी होते का, ते विचारू नये.

आणि घर मागे बांधून लांबचा प्रवास म्हणाल, तर तो मामांच्या गावाने कधीच केलाय. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड-नगरकडून ऊसतोडीची कुटुंबं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीची पोती, कोपीचं सामान, शेळी, पोरं आणि वर म्हातारी. नवरा-बायको मिळून हिशेबात धरायचा एक कोयता. पाडव्याच्या आसपास परत. त्याला कुणी कॅराव्हॅन पर्यटन म्हणत नाही आणि त्याचे फोटोही कुणी टाकत नाही. मामांनी खोलीचं दार उघडून आत बघितलं, गादी दाबून पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘आन् हितं काम काय करायचं?’

‘काही नाही, नुसतं राहायचं.’

मामांनी मान डोलावली. साहेबांच्या घरी काहीतरी अडचण असावी, असा त्यांचा चेहरा झाला.

रिव्हर्स जमला की सामान भरण्याचा प्रश्न येतो आणि इथे विज्ञान व सौभाग्यवती समोरासमोर ठाकतात. विज्ञान असं की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा, निदान त्याच्या जवळपास, पुढे हुकावर टेकलेला हवा. वजन मागे गेलं की हुकाकडची बाजू हलकी होते आणि वेगात ट्रेलर शेपटासारखा डुलू लागतो. शेजारून एखादी व्होल्वो सुसाट गेली की तिच्या वाऱ्याने हे डुलणं सुरूही होतं. मग डुलणारी खोली पुढच्या गाडीलाही डोलवते. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद उचलायचा. म्हणून जड सामान खाली, चाकांच्या आसपास ठेवायचं. सौभाग्यवतींचं म्हणणं असं की लाडू-चिवड्याचे डबे हाताशी लागतात, इनव्हर्टर नको तेव्हा लागतो, आणि मागच्या कपाटाला कप्पे कशाला दिलेत मग? त्यात पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलोची. साडेसातशे किलोच्या ट्रेलरमध्ये शंभर किलो पाणी भरून पाऊस पडणाऱ्या प्रदेशांतून न्यायचं की वाटेत भरायचं, यावर एक्सेलमध्ये स्वतंत्र शीट आहे.

रस्ता कागदावर सोपा आहे. नाशिक, धुळे, बिजासन घाट, सेंधवा, इंदूर, मग राजस्थान ओलांडून चंदीगड आणि मनाली. लेहपर्यंत अडीच हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. मनालीच्या पुढे २०२० साली सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा रोहतांग खिंडीचा त्रास वाचवतो. पलीकडे तांदीचा पेट्रोल पंप. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, ही तिथली पाटी बुलेटवाल्यांनी जगप्रसिद्ध केलीय. नुसत्या गाडीला हे अंतर हिशेबात बसतं. मागे खोली असली की डिझेलचा काटा बघणं हेच निसर्गदर्शन.

आणि मग गाटा लूप्स, एकावर एक २१ हेअरपिन वळणं. वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांमागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने रस्ता कापत जातात. म्हणजे गाडी वळली तरी खोली कड्याला घासते किंवा दरीच्या अंगाला डोकावते. समोरून लष्कराचा ताफा आला तर मागे सरकायचं कुणी, याचं उत्तर उघड आहे. त्याच्याही वर ५,३२८ मीटरवरचा टांगलांगला. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, माणूस धापा टाकतो आणि पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. कुकर लागतोच, आणि तोही खालच्यापेक्षा जास्त वेळ ठेवावा लागतो. सासूबाईंनी हे ऐकून पाच लिटरचा दुसरा कुकर दिला. तो अर्थातच मागच्या कपाटात गेला.

जाणकारांचा सल्ला साधा असतो: खोली केलाँग-जिस्पाच्या सपाटीला ठेवा आणि वर नुसती गाडी न्या. हिंजवडीकराला हे पटतं, फक्त खारदुंगलाच्या पाटीसमोर खोली नसली तर फोटोला अर्थ काय, हा प्रश्न उरतो.

आता तारीख. मनाली-लेह रस्ता बर्फ काढून मे-जूनमध्ये उघडतो. जूनच्या मध्याला शाळा सुरू. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी. मग गणपती. मग तिमाहीची अखेर आणि क्लायंटची भेट. ऑक्टोबरात दिवाळी आणि तिकडे बर्फाची चाहूल. तोवर ट्रेलरच्या छपरावर कुरडया वाळून झाल्यात, आत सोसायटीच्या पोरांनी क्लब काढलाय आणि त्याची वर्गणीही घेतात.

पहिला प्रवास मात्र झाला. एका शनिवारी सकाळी सगळा लवाजमा कासारसाई धरणावर जाऊन मुक्काम करून आला. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागे चांगला तासभर गेला, आणि या वेळी हॉर्न वाजवला नाही. धरणाकाठी खोली तिसऱ्या प्रयत्नात जागेवर बसली. दुसऱ्या कुकरमध्ये वरण झालं. सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलंच, ‘काय, लडाखचं काय झालं?’ त्यावर हिंजवडीकराने मोबाइलवर नकाशा उघडून, दोन बोटांनी मोठा करून दाखवलं, की कासारसाई हिंजवडीच्या थोडं का होईना, पण उत्तरेलाच आहे.